देवळातली वहिवाट

घरातलं माणूस गेलं की भेटायला येणारे रिकाम्या हाताने येत नाहीत. कुणी केळी आणतं, कुणी बिस्किटाचा पुडा, आणि प्रत्येक जण एक किस्सा आणतो. दादाला जाऊन दीड महिना झाला. केळी संपली, बिस्किटं संपली, किस्से मात्र घरात मावेनासे झालेत. एकाने सांगायला सुरुवात केली की दुसरा म्हणतो, "अरे हे काहीच नाही, मी सांगतो ऐक!" आई रडता रडता हसते आणि मग हसले म्हणून परत रडते. म्हटलं, लिहून काढू. मी सातवीनंतर शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, आंब्याच्या पेट्या ठोकतो. चुकलं तर सांभाळून घ्या. एरवी दादाकडून तपासून घेतलं असतं.

दादा म्हणजे शांतवन, माझा थोरला भाऊ. रत्नागिरीत आमचं जुनं चर्च आहे, चिऱ्याचं, कौलारू. आम्ही त्याला देऊळच म्हणतो, आजोबांपासून म्हणत आलोय. अठ्ठ्याण्णव साली दादा तिथे राखणदार म्हणून लागला. घंटा वाजवायची, बाकं पुसायची, सकाळी दारं उघडायची, संध्याकाळी लावायची. पहिल्या तिन्ही गोष्टी तो उत्तम करायचा. चौथी त्याला कधी जमली नाही!

त्याला कारणही तसंच. देऊळ उतारावर आहे. खाली वाडी, वर रस्ता. वाडीतून चढून येणारी पाखाडी, म्हणजे चिऱ्याच्या पायऱ्यांची वाट, देवळाच्या बाजूच्या दाराशी संपते. रस्ता सुरू होतो तो पुढच्या दारापासून. मधे काय? मधे देऊळ! वळसा घालून जाता येतं, पण तिकडे करवंदीची जाळी, आणि पावसात गुडघाभर चिखल. मग लोक काय करणार? चपला हातात घ्यायच्या, बाजूच्या दाराने आत शिरायचं, क्रुसाकडे बघून मान लववायची आणि पुढच्या दाराने रस्त्याला लागायचं. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, सगळे. दादा प्रत्येकाला विचारायचा, "काय, बरं आहे ना?"

आता तेच बाजूचं दार चिऱ्यांनी बुजवायचं चाललंय. देवळाच्या पंच कमिटीचे सेक्रेटरी गायकवाड सर म्हणतात, "राखणारा गेला. आता भिंतच हवी." सर रिटायर्ड हेडमास्तर. बायको वारली, मुलगी पुण्याला, एकटेच राहतात. मला म्हणाले, "विजय, भावाची जागा तू घे. पण भिंत झाल्यावर." मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. ज्या दारासाठी दादा आठ वर्षं भांडला, तिथल्या भिंतीला टेकून मी घंटा वाजवायची?

असो. किस्से सांगतो.

* * *

पहिला मार्थामावशीचा. मार्थामावशी म्हणजे आमच्या मंडळीतली सगळ्यात जुनी बाई. पहिल्या बाकावर तिच्याशिवाय कुणी बसत नाही.

एका रविवारी संदेश देताना, म्हणजे प्रवचनात, आमचे पाळकसाहेब रंगात आले होते. विषय पेत्राचा, तो मासेमारी सोडून प्रभूच्या मागे कसा गेला त्याचा. "त्याने जाळी टाकली! मासे टाकले! सगळं सोडलं!" साहेबांनी हात वर केला. नेमकी त्याच वेळी बाजूच्या दारातून वाडीतली मासेवाली रुक्साना आली, डोक्यावर माशांची पाटी.

तिला रविवारचं भान राहिलं नव्हतं. एवढी माणसं बघून ती बावचळली, पण पाटी डोक्यावर घेऊन मागे फिरणार कशी? तशीच पुढे निघाली. मार्थामावशीच्या बाकाशी आली नि सवयीने हळूच म्हणाली, "मावशे, बांगडे हायत. ताजे."

मावशीने मान वळवली नाही. डोळे मिटलेले, हात जोडलेले. तेवढ्याच हळू आवाजात म्हणाली, "थांब गो बाहेर. आमेन होऊ दे!"

त्या दिवशी आमेन जरा लवकर झालं, आणि अर्धी मंडळी पाटीभोवती उभी होती. पाळकसाहेबही होते.

* * *

मग चोरी झाली. देवळातलं भिंतीवरचं घड्याळ गेलं. कोण आला, कुठून आला, पत्ता नाही. दारं दोन्ही सताड उघडी, त्यामुळे तपास करायलाही काही नव्हतं.

पुढच्या रविवारी समोर घड्याळ नसल्यामुळे पाळकसाहेबांचा संदेश दीड तास चालला. मंगळवारपर्यंत तीन घरांतून तीन घड्याळं भेट आली!

पण सरांनी ते हसण्यावारी नेलं नाही. बाजूच्या दाराला हे भलंमोठं कुलूप लावलं. चौथ्या दिवशी खालच्या वाडीतल्या तात्या शिवलकरांची नोटीस आली.

तात्या म्हणजे बागायतदार. आंब्याची चाळीस कलमं नि कोर्टात कायम दोन दावे. नोटीस वकिलाकडून आलेली. "सदर वाटेने आमचे पणजोबा, आजोबा, वडील व आम्ही स्वतः निर्वेधपणे जात-येत असून, सदर वहिवाट आपण बेकायदेशीरपणे अडवली आहे..." सर हादरले. देवळाच्या मधल्या वाटेवर, वधू जिथून चालत येते तिथे, तात्यांची वहिवाट!

दादा नोटीस घेऊन तात्यांकडे गेला. तात्यांनी त्याला आंबोशी घातलेली आमटी नि भात वाढला. म्हणाले, "शांतवन, तुझ्याशी माझं भांडण नाय. तू जेव. पण वहिवाट ती वहिवाट!"

शेवटी पाळकसाहेबांनी तात्यांना बोलावलं. ठरलं असं, की सकाळच्या घंटेपासून संध्याकाळच्या घंटेपर्यंत दार उघडं राहील. तात्या उठले. पाळकसाहेब त्यांना प्रेमाने म्हणाले, "तात्या, चार पिढ्या या देवळातून जाताय. कधी दोन मिनिटं बाकावर बसावंसं नाही वाटलं?"

तात्या म्हणाले, "छे हो साहेब! माझा हक्क जाण्यायेण्याचा. बसलो तर अतिक्रमण होतं!"

* * *

त्याच सुमाराला पेपरात कुठल्या कुठल्या गावच्या चर्चच्या बातम्या यायच्या. कुठे काचा फोडल्या, कुठे आग लावली. आमच्याकडे तसलं काही नव्हतं, पण माणसं उपासनेला बसली की मधेच दाराकडे बघायची. मार्थामावशीसुद्धा. खरं सांगतो, मीही बघायचो.

सरांनी बोर्ड रंगवून घेतला आणि गडग्याला, म्हणजे कंपाउंडच्या चिऱ्याच्या भिंतीला, ठोकला. लाल अक्षरं: "सावधान! येथे जागृत राखणदार आहे."

आता कोकणात राखणदार म्हटलं की कोण डोळ्यांसमोर येतो? गावाच्या वेशीवर असतो तो! सीमेवरचा देव! सर मूळचे घाटावरचे. त्यांच्या डोक्यात वॉचमन होता. आणि "जागृत" हा शब्द त्यांनी कडक वाटावा म्हणून घातलेला!

आठवडाभरात बोर्डाखाली पहिला नारळ आला. मग रोज एक-दोन. दादाला वाटायचं, कुणी विसरून जातंय.

एका सकाळी दादा गडग्याच्या आतल्या बाजूला बसून झाडू बांधत होता. बाहेर एक माणूस आला, नारळ ठेवला, हात जोडले नि मोठ्याने गाऱ्हाणं घालायला लागला. "बा राखणदारा, म्हाराजा! माझ्या झिलाक मुंबैक नोकरी लागूं दे, म्हाराजा! त्याच्या वाटेक जो कोण आडवो येत असात, त्याका बाजूक कर, म्हाराजा!" माणूस तिकडे खाली सावंतवाडीकडचा असावा, नोकरीपायी इथे आलेला.

दादा झाडू घेऊन उभा राहिला. तो माणूस गार! गडग्यामागून खरोखरच राखणदार वर आला!

दादा म्हणाला, "काका, मीच राखणदार. मुलासाठी प्रार्थना करतो, नाव सांगा. पण नारळ घेऊन जा. मला कमिटीकडून पगार आहे!"

दुसऱ्या दिवशी बोर्ड उतरला. नारळ थांबले याचं सगळ्यात जास्त वाईट मार्थामावशीला वाटलं. महिनाभर तिच्या घरचं वाटण त्या नारळांवर चाललं होतं.

* * *

हा किस्सा माझा. लोक अजून मला यावरून चिडवतात.

एका नाताळाच्या आधी सरांनी सगळ्यांना सांगितलं, "अनोळखी माणूस दिसला तर लक्ष ठेवा." मी देवळाच्या आवारात ताऱ्यासाठी लाकडी चौकट ठोकत होतो. बघतो तर साध्या कपड्यांतला एक जाडजूड गृहस्थ देवळाला फेऱ्या मारतोय. एकेक खिडकी ढकलून बघतोय. वाकून दाराची कडी बघतोय. वहीत काहीतरी लिहितोय.

माझं डोकं कसं आहे ते आमच्या घरी विचारा. आधी हात, मग तोंड, मग विचार! धावत गेलो, मागून कॉलर धरली, पाळकसाहेबांच्या खोलीत ढकलला नि बाहेरून कडी घातली. तो आतून ओरडतोय, मी बाहेरून ओरडतोय.

दादा आला. कडी काढायच्या आधी खिडकीतून म्हणाला, "काका, पाणी हवंय का?" आतून आवाज आला, "अरे पोलीस आहे मी! बंदोबस्ताची पाहणी करायला आलोय!"

सर धावत आले. त्यांनी पंधरा वेळा माफी मागितली. मी भिंतीला चिकटून उभा. त्या हवालदारांनी मान चोळत चहा घेतला, वही उघडली आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं, "दारे दोन्ही उघडी. खिडक्यांना कड्या नाहीत. तथापि बंदोबस्त कडक आहे!"

जाताना दादाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "भाऊ का तुझा? कामाचा आहे. पण साखळीला बांधत जा."

* * *

त्याच हवालदारांनी सुचवलं, "येणाऱ्या-जाणाऱ्यांचं रजिस्टर ठेवा." सरांना सुचवायचाच अवकाश! शंभर पानी वही, रूळ मारून चार रकाने. नाव, वेळ, कारण, सही. दादा रोज मनापासून भरायचा.

ते रजिस्टर माझ्यासमोर आहे. दादाचं अक्षर जरा उजवीकडे झुकणारं.

"तात्या शिवलकर. सकाळी आठ. वहिवाट."
"तात्या शिवलकर. सव्वाआठ. छत्री विसरले."
"रुक्साना. नऊ. बांगडे. आज सुरमई पण."
"एक मुलगा. साडेदहा. उद्या बारावीचा निकाल."
"गायकवाड सर. अकरा. रजिस्टर तपासायला."

सरांची एंट्री रोज आहे!

एकदा सरांचं बोट एका ओळीवर थांबलं. तिथे लिहिलं होतं, "एक बाई. दुपारी दोन. रडत होती." नाव नाही, सही नाही.

सर म्हणाले, "शांतवन, हे चालणार नाही. नाव घ्यायलाच हवं. उद्या काही झालं तर?"

दादा म्हणाला, "सर, काहीतरी झालं होतं म्हणूनच ती आली होती ना!"

सरांनी चष्मा काढला, परत घातला. त्या ओळीपुढे सही केली, स्वतःची.

* * *

हा सांगायला मला जड जातं, पण सांगतो.

गेल्या वर्षी देवळातला अँप्लिफायर चोरीला गेला. दिवसाढवळ्या. कमिटीत दादाला सगळ्यांसमोर बोलले. सर बोललेच, पण मार्थामावशीसुद्धा म्हणाली, "शांतवन, तुझ्या चांगुलपणापायी देवळात भिंती तेवढ्या उरतील रे!" दादा खाली मान घालून उभा. मला ते सहन झालं नाही. घरी येऊन त्याच्यावरच ओरडलो, "तू राखणदार आहेस की धर्मशाळेचा मालक?"

दुसऱ्या दिवशी दुपारी बाजारातून दोन कुलपं आणली, देवळाची दोन्ही दारं धाडधाड लावली, कुलपं घातली नि पेट्यांच्या कामाला निघून गेलो. विचार नेहमीप्रमाणे शेवटी आला. चार वाजता आई म्हणाली, "शांतवन जेवायला आला नाही रे अजून."

धावत गेलो. दादा आतच होता! बाकांच्या मागे फरशी पुसत असताना मी त्याला कोंडला होता. तीन तास! त्याने हाक मारली नाही, दार ठोठावलं नाही. मी कुलूप काढलं तेव्हा पहिल्या बाकावर, मार्थामावशीच्या जागेवर बसला होता.

मी म्हटलं, "ओरडायचं नाही का रे?"

दादा म्हणाला, "म्हटलं, तू एवढा खर्च केलायस, बघू तरी कसं वाटतं ते."

"मग? कसं वाटलं?"

"गोडाऊनसारखं."

एवढंच. मग माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "चल, भूक लागलीय. आईला सांगू नको."

मी आईला सांगितलं नव्हतं. आज पहिल्यांदा लिहितोय.

* * *

ऑगस्टमध्ये दादाला ताप आला. नवव्या दिवशी तो गेला. बत्तीस वर्षांचा होता. यावर किस्सा नाही.

शेवटी जे बोलला ते देवळाबद्दल वगैरे काही नव्हतं. माझ्याकडे बघून म्हणाला, "विजू, दाढी कर रे. चोरासारखा दिसतोयस." मी अजून केलेली नाही.

* * *

आता परवाचा.

परवा सकाळी सर गवंड्याला घेऊन देवळात आले, बाजूच्या दाराचं माप घ्यायला. मीही तिथेच होतो. दाराला लागून दादाचं भिंतीतलं कपाट आहे. सर म्हणाले, "विजय, काम सुरू व्हायच्या आधी ते रिकामं कर." माझ्या मनात होतं की गवंड्याची टेप हिसकावून घ्यावी. पण दादाच्या वस्तूंना दुसऱ्या कुणी हात लावायला नको म्हणून गप्प कपाट उघडलं.

पुसायची फडकी, मेणबत्त्यांचे तुकडे, गीतांची फाटकी पुस्तकं. पुस्तकांच्या मागे भिंतीत एक खिळा. खिळ्याला किल्ल्यांचा घोस. मोजल्या, सतरा! प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा दोरा.

सरांनी भुवया वर केल्या. "या कसल्या? देवळाला कुलपं दोन."

मी काय सांगणार? मलाही माहीत नव्हतं.

तेवढ्यात तात्या पाखाडी चढून आले. गवंडी दारात आडवा बघून त्यांचं तोंड नोटिशीसारखं झालं. मग माझ्या हातातला घोस दिसला आणि ते एकदम मऊ झाले. "लाल दोरा आमचा," म्हणाले. "दुसरी किल्ली. मी मुलाकडे मुंबईला गेलो की घर शांतवनच बघायचा. आता गेल्या महिन्यात जायचं होतं, राहून गेलं."

त्यांच्या मागून रुक्साना. पाटी उतरवून म्हणाली, "हिरवा माझा. धाकट्या पोराला शाळेतून आल्यावर तोच उघडून द्यायचा."

पाठोपाठ मार्थामावशी काठी टेकत आली. "माझा निळा आहे ना रे? पडलेबिडले तर दार फोडायला नको, म्हणून दिली होती त्याला."

सर बघतच राहिले. म्हणाले, "अख्ख्या वाडीच्या घरांच्या किल्ल्या? त्याच्याकडे? ज्याला दोन दारं लावता येत नव्हती, त्याच्याकडे?"

तात्या म्हणाले, "लावायला काय हो सर, आमचं आम्हाला येतं!"

कुणी किल्ली मागून घेतली नाही. तिघंही उभे राहिले नि माझ्याकडे बघायला लागले. मी खाली बघत एकेक दोरा सोडवत बसलो. गुंता आणखीनच वाढला.

गवंडी कंटाळला. "सर, माप झालं. उद्या चिरे टाकू का?"

सर माझ्या हातातल्या घोसाकडे बघत होते.

एका किल्लीला पांढरा दोरा होता. पितळेची, लांब दांड्याची, जुन्या कुलपाची. मी ती वर धरली. "पांढरा कुणाचा?"

तात्यांनी मान हलवली. रुक्सानाने हलवली. मार्थामावशी सरांकडे बघत होती.

सर पुढे आले. माझ्या हातातून किल्ली घेतली. "माझ्या घराची," म्हणाले. "वाटलं होतं, मी एकट्यानेच दिलीय." मग कपाटात वाकून ती परत त्याच खिळ्याला अडकवली.

गवंड्याने पुन्हा विचारलं, "चिरे?"

"चिरे नकोत," सर म्हणाले. "ही दाराची पायरी हलतेय बघ. तेवढी नीट बसवून दे. येता-जाता कुणीतरी पडेल."